चरबी जाळणारी गोळी आणि पेशीतली गळकी टाकी

‘व्यायाम नको, पथ्य नको. चयापचय वाढवा, झोपेतही चरबी जाळा.’ अशा जाहिरातीमागे कधी निरुपद्रवी पूड असते, कधी नुसतं कॅफिन असतं, आणि कधी डायनायट्रोफिनॉल नावाचं पिवळं रसायन असतं. त्याला थोडक्यात डीएनपी म्हणतात. मूळचं हे स्फोटकं, रंग आणि कीटकनाशकांच्या धंद्यातलं. इंटरनेटवर मात्र ते वजन घटवणारी गोळी म्हणून विकलं जातं, आणि ते घेऊन धडधाकट तरुण माणसं दगावल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची गणना नियंत्रित विषांमध्ये केली.

बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही, की इथे जाहिरात खोटी नाही. डीएनपीने चरबी खरोखर जळते, वजन खरोखर उतरतं. मग माणूस मरतो कशाने? याचं उत्तर पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात आहे. ते नीट कळलं, की सायनाइड जीव कसा घेतं, रक्तातलं लॅक्टेट कशामुळे वाढतं, काही अँटिबायोटिक्सनी ऐकू येणं का जातं, हेही उलगडत जातं. वरवर या गोष्टी एकमेकींपासून लांब दिसतात, पण बिघाड एकाच यंत्रणेतला आहे. फक्त प्रत्येक वेळी तो वेगळ्या जागी झालेला असतो.

आधी पंप, टाकी आणि चक्की

पेशी अन्नावर थेट चालत नाही. अन्नातली ऊर्जा आधी एटीपी नावाच्या छोट्या रेणूत भरावी लागते. स्नायू आवळणं असो, मेंदूतला संदेश असो की नवं प्रथिन बांधणं असो, खर्ची पडतो तो हाच रेणू. एटीपी म्हणजे पेशीतली सुटी नाणी समजा. फरक इतकाच, की ही नाणी साठवून ठेवता येत नाहीत. कोणत्याही क्षणी अख्ख्या अंगात एटीपी असतं ते थोडंसंच, ग्रॅममध्ये मोजण्याइतकं. पण तेच मोडून पुन्हा जोडलं जातं, आणि दिवसभराच्या उलाढालीची बेरीज माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते. जोरात धावणाऱ्या स्नायूतलं तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल एवढंच असतं. म्हणून पुरवठा क्षणभरही थांबून चालत नाही.

यातला बहुतेक पुरवठा मायटोकॉन्ड्रिया करतात. शाळेच्या पुस्तकातली ‘तंतुकणिका’ ती हीच. एकेका पेशीत त्या शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. तिला दोन पडदे असतात, आणि खरं काम आतल्या पडद्यावर चालतं.

घराच्या छपरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालून पंप पाणी वर चढवतो. टाकीतून एक नळी खाली येते आणि त्या नळीच्या वाटेत एक छोटी पाणचक्की बसवलेली आहे. पाणी खाली येताना चक्की फिरते. मायटोकॉन्ड्रियात पाण्याच्या जागी प्रोटॉन असतात. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यावरच्या चार ठाण्यांमधून, जिन्याच्या पायऱ्या उतरावेत तसे, खाली खाली सरकतात. याला श्वसन साखळी म्हणतात. पहिलं, तिसरं आणि चौथं ठाणं पंपाचंही काम करतं. उतरत्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वापरून ते प्रोटॉन पडद्याबाहेर ढकलतं. शेवटच्या पायरीवर ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन उचलतो आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीसाठी.

बाहेर साचलेल्या प्रोटॉनना परत आत यायचं असतं, पण पडदा त्यांना वाट देत नाही. नेहमीची वाट एकच, ती चक्कीतून. या चक्कीचं नाव एटीपी सिंथेज. चक्की हा शब्द इथे नुसता उपमेपुरता नाही. हे प्रथिन खरंच गरगर फिरतं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या आसाला चकाकणारा धागा चिकटवला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. प्रत्येक फेऱ्याला ३ एटीपी तयार होतात. ऊर्जा अशी ‘टाकीत’ साठते ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा बरीच वर्षं ती कोणाच्या पचनी पडली नाही. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं.

टाकीतला दाब किती असतो? पडद्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ०.१५ व्होल्टचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पडद्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. त्या हिशेबाने मीटरमागे जवळपास ३ कोटी व्होल्ट होतात. इतक्या ताणात पडदा शाबूत राहतो म्हणून आपण जिवंत आहोत.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पेशीत एटीपी भरपूर असलं, की चक्की मंदावते. चक्की मंदावली की टाकी काठोकाठ भरते. भरल्या टाकीत आणखी ढकलणं पंपांना जड जातं, तेही मंदावतात, इलेक्ट्रॉन पायऱ्यांवर खोळंबतात आणि इंधन जळणं आपोआप कमी होतं. जेवढी गरज, तेवढंच जळण. हा आतला ब्रेक आहे.

पंप अडकला तर: सायनाइडची गोष्ट

सायनाइड चौथ्या ठाण्याला चिकटतं. तिथल्या लोहाला ते असं धरून बसतं, की ऑक्सिजन समोर असूनही त्याला इलेक्ट्रॉन उचलता येत नाहीत. फुप्फुसं ठीक, रक्त ठीक, ऑक्सिजन पेशीच्या दारापर्यंत पोहोचलेला, आणि तरी पेशी गुदमरलेली. एरवी शरीरातून परतणारं रक्त गडद होतं, कारण वाटेत त्यातला ऑक्सिजन खर्च झालेला असतो. सायनाइडच्या विषबाधेत परतणारं रक्तही लालभडक दिसू शकतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रोहिणी आणि नीला एकाच रंगाच्या दिसतात. घराला लागलेल्या आगीत फोम, नायलॉन, लोकर जळली, तरी धुरात हेच विष असतं. म्हणून धुरात सापडलेला माणूस बेशुद्ध असेल आणि त्याचं लॅक्टेट फार वाढलेलं असेल, तर डॉक्टर सायनाइडचा विचार करतात. त्यावर हायड्रॉक्सोकोबालामिन नावाचं, बी-१२ जीवनसत्त्वाचंच एक रूप शिरेतून देतात. ते सायनाइडला स्वतःशी बांधून घेतं आणि मूत्रावाटे बाहेर नेतं.

आता हे लॅक्टेट काय आहे ते पाहू, कारण मायटोकॉन्ड्रियाचा बहुतेक बिघाड रक्ततपासणीत आधी इथेच दिसतो. साखर जाळण्याचा पहिला टप्पा मायटोकॉन्ड्रियाबाहेर, ऑक्सिजनशिवाय होतो. त्यातून एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी हाती लागतात. पुढचा सगळा प्रवास मायटोकॉन्ड्रियात झाला, तर एकूण ३० ते ३२. साखळी बंद पडली की पेशी या दोनावर भागवायला बघते. मग तेवढ्याच एटीपीसाठी जवळपास पंधरापट साखर लागते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या टप्प्यात निघालेले इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या गाड्या असतात. त्यांचं नाव एनएडी. गाडी साखळीपाशी जाऊन रिकामी होते आणि नवा माल घ्यायला परत येते. साखळी बंद असेल तर भरलेल्या गाड्यांची रांग लागते, रिकामी गाडी उरत नाही, आणि पहिला टप्पाही ठप्प होण्याची वेळ येते. तेव्हा पेशी गाड्यांतला माल पायरुवेट या अर्धवट जळलेल्या इंधनावरच उतरवते. त्यातून जे बनतं ते लॅक्टेट. म्हणजे लॅक्टेट हा निव्वळ कचरा नव्हे. गाड्या फिरत्या ठेवण्यासाठी पेशीने काढलेली ती आडवाट आहे. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचं प्रमाण साधारण २ मिलिमोल प्रतिलिटरच्या आत असतं. आजारी माणसात ते ४ च्या वर गेलं, की अतिदक्षता विभागात सगळे सावध होतात. सोबत रक्ताची आम्लता वाढते, आणि ती कमी करण्यासाठी माणूस खोल, जलद श्वास घेऊ लागतो.

चरबीचं काय? साखर निदान अर्धवट तरी जळते. चरबीला साखळीशिवाय जळताच येत नाही, कारण तिलाही त्याच रिकाम्या गाड्या लागतात. म्हणून पंप अडकला तर चरबी कमी होत नाही, उलट यकृताच्या पेशींत बारीक थेंबांच्या रूपात साचते. उपाशीपोटी यकृत नवी साखर बनवू शकत नाही, कारण त्यालाही एटीपी लागतं, आणि रक्तातली साखर घसरू शकते. ‘ऊर्जा बनणं थांबवलं तर वजन उतरेल’ असं कोणाला वाटत असेल, तर पेशीत घडतं ते नेमकं उलटं.

टाकीला भोक पडलं तर: डीएनपी

डीएनपी पंपाला हात लावत नाही. चक्कीलाही नाही. ते पडद्यातून ये-जा करतं. हा रेणू चरबीत सहज विरघळतो, म्हणून चरबीच्याच बनलेल्या पडद्यातून आरपार जाऊ शकतो. बाहेरच्या बाजूला, जिथे प्रोटॉनची गर्दी आहे, तिथे तो एक प्रोटॉन उचलतो. पडदा ओलांडून आत येतो आणि तिथे तो सोडतो. रिकाम्या हाताने परत बाहेर जातो आणि पुढचा उचलतो. एकच रेणू हे अगणित वेळा करतो, आणि त्यात स्वतः खर्ची पडत नाही. चक्कीला वळसा घालून प्रोटॉन आत येऊ लागतात. पंप आणि चक्की यांची जोड तुटते. म्हणूनच अशा द्रव्यांना अनकपलर म्हणजे जोड सोडवणारी द्रव्यं म्हणतात.

आता मघाचा ब्रेक आठवा. टाकी भरत नाही म्हणून पंप थांबत नाहीत. इलेक्ट्रॉन धडाधड पायऱ्या उतरतात, ऑक्सिजनचा खप वाढतो, साखर आणि चरबी भराभर जळतात, आणि एटीपी मात्र कमीच बनतं. मग ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. चक्की न फिरवता खाली पडलेल्या पाण्याची सगळी ताकद फुकट जावी, तसं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत या रसायनाशी संबंध येणारे कामगार घामाने निथळायचे, त्यांना ताप चढायचा, वजन घटायचं, आणि काही जण दगावले. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी लठ्ठपणावर ते वापरून पाहिलं. वजन उतरलं, बातमी पसरली, आणि काही वर्षांत एक लाखाहून जास्त लोकांनी ते घेतलं. मग तरुणपणीच मोतीबिंदू झालेले रुग्ण येऊ लागले, पुरळ आले, मृत्यू झाले. १९३८ मध्ये अमेरिकेत औषधांचा नवा कायदा आला आणि डीएनपी माणसाच्या वापरासाठी अतिधोकादायक ठरलं. त्याआधी सुरक्षितता सिद्ध न करताही औषध विकता येत असे.

हेच भोक काही लोकांत आपोआप पडलेलं असतं. १९६२ मध्ये स्वीडनच्या रॉल्फ लुफ्त आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीचा आजार उकलून दाखवला. ती भरपूर खाई, तरी कृश होती, आणि सतत घामाने डबडबलेली असे. थायरॉइड मात्र व्यवस्थित. तिच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांत पंप आणि चक्कीची जोड ढिली होती. मायटोकॉन्ड्रियाच्या बिघाडापर्यंत माग काढता आलेला हा पहिला आजार. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी कामगारांच्या अंगात रसायनाने जे घडवलं होतं, त्याच्याशी या स्त्रीची लक्षणं किती जुळतात ते पाहा.

पण घाम येतोच की, मग उष्णता का आवरत नाही?

थोडा हिशेब करू. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण ८० ते १०० वॅट उष्णता टाकतं. समजा चयापचय दुप्पट झालं आणि आणखी १०० वॅटची भर पडली. ही जादा उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर ७० किलोच्या शरीराचं तापमान तासाला सुमारे दीड अंशाने चढेल. ती घामावाटे काढायची तर तासाला साधारण १५० मिलिलिटर घाम खरोखर वाळायला हवा. सुरुवातीला हे जमतं, म्हणून माणसाला वाटतं, ‘गरम होतंय, म्हणजे गोळी लागू पडतेय.’

मग तोल एकदम ढळतो. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, त्वचेकडे रक्त कमी जातं, घाम आटतो. हवा दमट असेल तर आलेला घाम वाळतच नाही. तापमान वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग आणखी वाढतो, म्हणजे उष्णता आणखी. डीएनपी शरीरातून हळू निघतं, त्यामुळे आजच्या गोळीत कालची आणि परवाची शिल्लक मिसळलेली असते. परिणाम दिसत नाही म्हणून माणूस आणखी एक घेतो, आणि सगळ्यांचा परिणाम एकदम अंगावर येतो.

दुसरीकडे एटीपीची चणचण. स्नायू आवळायला एटीपी लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सैल व्हायलाही तेच लागतं, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. स्नायूतल्या दोन तंतूंची एकमेकांवरची पकड सुटते ती नवं एटीपी येऊन बसलं की. आवळण्याचा हुकूम देणारं कॅल्शियम मागे खेचून घ्यायलाही एटीपी हवं. मृत्यूनंतर देह ताठ होतो तो एटीपी संपल्यामुळे. डीएनपीच्या गंभीर विषबाधेत स्नायू जिवंतपणीच ताठरू लागतात, आणि ताठरलेला स्नायू पुन्हा उष्णताच निर्माण करतो.

शरीर स्वतःही असं भोक पाडतं ना?

पाडतं, आणि फार हुशारीने पाडतं. तान्ह्या बाळाला थंडीने कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेजवळ, खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. साठवणीची चरबी पांढरी-पिवळी असते, ही मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेली, आणि त्यांतल्या लोहामुळे तपकिरी. तिच्यात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. ते म्हणजे टाकीला बसवलेली तोटीच. थंडी वाजली की मज्जातंतू संदेश देतात, चरबीतून मेदाम्लं सुटतात, तोटी उघडते आणि ऊब तयार होते. गरज संपली की तोटी बंद होते. मोठ्या माणसांतही ही चरबी टिकून असते हे २००९ मध्ये तीन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं. थंड खोलीत बसवलेल्या लोकांच्या स्कॅनमध्ये ती उजळून दिसली.

याशिवाय प्रत्येक पेशीत थोडी गळती असतेच. विश्रांतीच्या वेळी वापरलेल्या ऑक्सिजनपैकी अंदाजे पाचवा हिस्सा या झिरपण्यात जातो. त्याचा फायदाही असतो: टाकी फारच तुडुंब असली तर खोळंबलेले इलेक्ट्रॉन वाट चुकून ऑक्सिजनला भलत्याच जागी चिकटतात आणि पेशीला इजा करणारी द्रव्यं बनतात. थोडी गळती हा ताण उतरवते.

तोटी आणि भोक यांत फरक काय? तपकिरी चरबीतली तोटी एकाच ऊतीत आहे, हुकमाने उघडते, हुकमाने मिटते. डीएनपी मेंदूत, हृदयात, डोळ्याच्या भिंगात, सगळीकडे एकाच वेळी भोकं पाडतं आणि ती मिटवण्याचा हुकूम द्यायची सोय शरीराकडे नाही. ‘मग मोजून थोडंच घेतलं तर?’ या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. गुण येणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, आणि ते माणसागणिक, दिवसागणिक, हवेच्या तापमानागणिक बदलतं. डीएनपी शरीरात अगदी सावकाश सुटेल अशी औषधं यकृतातल्या चरबीसाठी तपासली जात आहेत. पण त्या चाचण्यांत मात्रा, रक्तातली पातळी आणि माणूस, तिन्हींवर डॉक्टरांची नजर असते. इंटरनेटवरच्या पुडीत नक्की किती काय भरलं आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

यंत्रच झिजलं तर: जनुकं आणि औषधं

तिसऱ्या जातीचा बिघाड सावकाश येतो. मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. तो आईकडूनच येतो. त्यात दोष असेल तर साखळीचे सुटे भाग नीट बनत नाहीत. मात्र मायटोकॉन्ड्रियात लागणारी हजाराहून अधिक प्रथिनं पेशीच्या मुख्य डीएनएवरून बनतात, म्हणून ‘मायटोकॉन्ड्रियाचा आजार म्हणजे आईकडूनच’ हे समीकरण चुकीचं आहे. असा आजार वडिलांकडून किंवा दोघांकडून मिळूनही येऊ शकतो.

एकाच पेशीत चांगला आणि दोषी डीएनए मिसळलेला असू शकतो. दोषी वाटा बराच वाढेपर्यंत पेशी सांभाळून घेते, मग एकदम कोलमडते. म्हणून एकाच घरात आईला फक्त मधुमेह आणि कमी ऐकू येणं, तर मुलाला लहानपणीच झटके आणि पक्षाघातासारखे आघात, असं दिसू शकतं. आधी मार बसतो तो ऊर्जेची भूक मोठी असलेल्या अवयवांना. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो खातो. मग हृदय, डोळ्यांचे स्नायू, दृष्टीची नस, आतला कान, मूत्रपिंडाच्या नलिका. एकमेकांशी संबंध नसलेले तीन अवयव एकाच माणसात बिघडलेले दिसले, की जाणकार डॉक्टरांच्या मनात मायटोकॉन्ड्रियाची शंका येते. ‘तीन पालकांचं बाळ’ म्हणून गाजलेली पद्धत याच आजारांसाठी आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये तिला कायद्याने परवानगी दिली, आणि न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी जुलै २०२५ मध्ये अशा आठ बाळांचा अहवाल दिला. दात्या स्त्रीकडून येतात ती ही ३७ जनुकं. चेहरामोहरा घडवणारी जवळपास २०,००० जनुकं आई-वडिलांचीच असतात.

औषधांचा मुद्दा मात्र रोजच्या उपचारांशी जोडलेला आहे. मायटोकॉन्ड्रिया अतिप्राचीन जिवाणूंपासून आल्या आहेत, आणि त्यांची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा आजही जिवाणूंसारखीच आहे. जिवाणूंवर झाडलेली काही औषधं म्हणूनच त्यांनाही लागतात. लिनेझोलिड महिनाभराहून जास्त घ्यावं लागलं तर लॅक्टेट वाढू शकतं, दृष्टीच्या नसेला इजा होऊ शकते. जेंटामायसिनच्या कुळातल्या औषधांनी काही घराण्यांत एका इंजेक्शननेही बहिरेपणा आल्याचं दिसतं, कारण त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत एक अक्षर बदललेलं असतं. एचआयव्हीवरचं जुनं स्टाव्युडिन मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची प्रत काढणाऱ्या यंत्रणेलाच अडवायचं. गाल बसणं, पायांची जळजळ, लॅक्टेट वाढणं हे त्याचे परिणाम. म्हणून २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. आईच्या बाजूच्या नातेवाइकांत औषधानंतर बहिरेपण आलं असेल, तर इंजेक्शन घेण्याआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावं.

मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही साखळीवर काम करतं, मग ते बंद करायचं का?

नाही. मेटफॉर्मिन पहिल्या ठाण्याला किंचित मंदावतं, असं मानायला चांगला आधार आहे. त्यामुळे यकृतात एटीपीचा तुटवडा पडल्याची हलकी सूचना जाते आणि यकृत नवी साखर बनवण्यात हात आखडता घेतं. त्याचीच सख्खी बहीण फेनफॉर्मिन हे काम जास्त जोराने करायची. लॅक्टेट वाढून मृत्यू झाल्यामुळे १९७० च्या दशकात ती बाजारातून काढावी लागली. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड धड असेपर्यंत साचत नाही. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा, ३० च्या खाली गेला तर ते देत नाहीत. जोराच्या उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी झालं असेल, तर ते काही दिवस थांबवावं का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं. स्वतःच्या मनाने कायमचं बंद करू नये.

सतत थकवा म्हणजे मायटोकॉन्ड्रिया कमजोर का?

बहुतेक वेळा नाही. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप, नैराश्य ही कारणं कितीतरी पटींनी जास्त आढळतात, आणि ती आधी तपासावीत. मायटोकॉन्ड्रियाला बळ देणाऱ्या म्हणून खपणाऱ्या गोळ्यांबद्दल एवढंच: साखळीत इलेक्ट्रॉन पुढे नेणारं कोएन्झाइम क्यू-१० ज्यांच्या शरीरात जनुकीय दोषामुळे बनतच नाही, त्यांना ते दिल्याने खरा फरक पडतो. बी-१ जीवनसत्त्व नसेल तर पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात शिरल्यावर पुढे सरकत नाही आणि लॅक्टेट वाढतं. तिथे ते जीवनसत्त्व जीव वाचवतं. ज्यांच्यात असा तुटवडा नाही, त्यांना वरून घातल्याने चक्की जास्त फिरत नाही.

मायटोकॉन्ड्रिया खरोखर वाढवणारी गोष्ट माहीत आहे, आणि ती म्हणजे दमवणारी हालचाल. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना आठवड्यांमागून आठवडे पळवलं. त्यांच्या स्नायूंतली श्वसन साखळीची ताकद जवळपास दुप्पट झाली. धावताना एटीपी वापरलं जातं, चक्की जोरात फिरते, तुटवड्याची सूचना केंद्रकापर्यंत जाते आणि पेशी नवी मायटोकॉन्ड्रिया बांधते. डीएनपीतही तुटवडा होतो, पण तिथे काम काहीच झालेलं नसतं आणि तो थांबवणं कोणाच्या हातात नसतं. धावणारा माणूस निदान दमून थांबतो.

कोणी डीएनपी घेतलंच असेल तर

लक्षणं अशी: अंग तापणं, निथळणारा घाम, धाप, धडधड, बेचैनी, उलट्या, त्वचेला किंवा लघवीला पिवळी छटा. गोळी घेऊन काही तास काहीच वाटलं नाही, तरी धोका टळलेला नसतो. बरं वाटत असलं तरी तडक मोठ्या रुग्णालयात जावं, आणि पुडी किंवा बाटली सोबत न्यावी.

पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहत बसू नये. साध्या तापात मेंदू स्वतःच तापमानाचा काटा वर सरकवतो, आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. इथे काटा जागेवरच आहे, भट्टी पेशीपेशीत पेटली आहे. ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. जास्त प्रमाणात तेही पंप आणि चक्कीची जोड सोडवतं, त्यामुळे आगीत तेल ओतल्यासारखं होईल. डीएनपीवर उतारा नाही. डॉक्टर बर्फ, थंड सलाइन, स्नायू आणि झटके शांत करणारी औषधं आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर वापरून, विष शरीरातून निघेपर्यंत तापमान खाली धरून ठेवतात. रुग्णालयात नेताना वाटेत जादा कपडे काढावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, आणि पोहोचताक्षणी पहिल्याच वाक्यात ‘डीएनपी घेतलंय’ असं स्पष्ट सांगावं. नाहीतर हा साधा जंतुसंसर्गाचा ताप समजून उपचार सुरू होतात आणि मोलाचा पहिला तास निघून जातो.